वाचक विचारतात: आधी आयपी मोजा, मग पाना उचला

जुने स्कूबा रेग्युलेटर घरी खोलून नीट करता येतात का, या एकाच विषयावर यावेळी इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, कॉम्प्रेसरवाल्यांनी रागावू नये. ज्यांनी कधी डायव्हिंग केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिलिंडरमध्ये हवा साधारण 200 बारला भरलेली असते, ती काही सरळ तोंडात घेता येत नाही, म्हणून सिलिंडरवर जी बसते ती फर्स्ट स्टेज ही हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा 9-10 बार जास्त एवढ्यावर आणते, आणि तोंडात धरतो ती सेकंड स्टेज आपण श्वास ओढला की लागेल तेवढीच हवा पाण्याच्या दाबाला सोडते. मधल्या त्या 9-10 बारला इंटरमीजिएट प्रेशर, म्हणजेच आयपी म्हणतात. आजच्या पानावर हा आयपी सारखा भेटणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

प्रश्न: सासरे मस्कतला नोकरीला असताना डायव्हिंग करायचे. माळा आवरताना त्यांचा स्कूबाप्रो कंपनीचा मार्क 5 फर्स्ट स्टेज आणि 109 सेकंड स्टेज सापडली. पंचवीस-तीस वर्षं पेटीत पडून आहे पण क्रोम अजून लखलखीत. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, घरीच सर्व्हिस करून तारकर्लीला वापरायचा विचार आहे. सासरे म्हणतात काही करायला नको, आहे तसाच चालतो. काय करू? — एक वाचक, ठाणे

उत्तर: सासऱ्यांचा मान ठेवून सांगतो, ऐकू नका. पण त्यांनी जपून ठेवलेला माल मात्र एक नंबर आहे. मार्क 5 हा 1970 च्या सुमाराचा बॅलन्स्ड (म्हणजे सिलिंडर रिकामा होत आला तरी आयपी फारसा बदलत नाही असा) पिस्टनवाला, आणि नीट केलेला मार्क 5 आजही शंभर टक्के कामाचा आहे, त्याचं कारण म्हणजे आत बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. एक पोकळ दांड्याचा पिस्टन, एक दणकट स्प्रिंग, एक प्लास्टिकची सीट आणि बाकी सगळ्या ओ-रिंगा. हवा पिस्टनच्या पोकळ दांड्यातून पलीकडे जाते, पलीकडे दाब पुरेसा झाला की पिस्टन सरकतो आणि दांड्याचं टोक सीटवर टेकून हवा बंद. श्वास घेतला की दाब पडतो, स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते, परत हवा चालू. बस, एवढंच यंत्र.

आता क्रोम चमकतंय यावरून आतलं काहीही कळत नाही. तीस वर्षांत ओ-रिंग कडक होऊन चपट्या झालेल्या असणार, सीटवर पिस्टनच्या धारेची गोल चर पडलेली असणार, आणि शेवटच्या डाइव्हनंतर गोड्या पाण्यात नीट बुडवून ठेवलं नसेल तर स्प्रिंगच्या खोलीत मिठाचे खडे जमलेले असणार, कारण मार्क 5 मध्ये समुद्राचं पाणी त्या खोलीत येण्यासाठी बॉडीला मुद्दाम भोकं ठेवलेली आहेत, त्याशिवाय आपण किती खोल आहोत ते त्याला कळणार कसं.

तुम्ही इंजिनिअर आहात म्हणजे लगेच पाना घेऊन बसाल, तर थांबा. सगळ्यात आधी सगळे जुने होज काढून बाजूला टाका, त्यावर माया नको, जुन्या रबराच्या होजला आतून तडे असतात ते वरून दिसत नाहीत आणि हाय प्रेशरचा होज घरातल्या खोलीत फुटला तर खेळ नाही. प्रेशर गेजही नवाच घ्या. मग फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी जो फिल्टर दिसतो तो भिंगाखाली बघा. हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलेलं आहे, तांबूस भुकटी असेल तर ती स्टीलच्या सिलिंडरमधला गंज, आणि काळपट असेल तर बहुतेक कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा. फिल्टर हिरवा दिसला तर आत काय वाढून ठेवलंय याची कल्पना आलीच म्हणून समजा.

त्यानंतर आयपी गेज. बीसी म्हणजे पाण्यात तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट, त्यात हवा भरणाऱ्या इन्फ्लेटर होजला हा चटकन लागतो, 0 ते 20 बारचा साधा गेज असतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की ज्याच्याकडे आयपी गेज नाही त्याने रेग्युलेटरला हात लावू नये, मग बाकी हत्यारं कितीही भारी असोत. सेकंड स्टेज जोडलेलीच ठेवा, कारण आत दाब भलताच वाढला तर तिथूनच तो बाहेर पडतो, सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे तीच. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, गेजची काच तोंडाकडे धरू नका. सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण, म्हणजे दाबलं की हवा सोडतं ते, चार-पाच वेळा दाबा. काटा थोडा खाली जाऊन टक्कन परत जागेवर आला आणि तिथेच चिकटून बसला तर सीट अजून जिवंत आहे. हळूहळू वर चढत राहिला तर नाही. हा आकडा लिहून ठेवा, भरलेल्या सिलिंडरवर एकदा आणि 40-50 बार उरलेल्या सिलिंडरवर एकदा. बॅलन्स्ड रेग्युलेटरला दोन्हीत फार फरक यायला नको.

हे आकडे हातात असले की आतलं उघडायचं, पण त्याआधी सीट आणि ओ-रिंगचा किट हातात पाहिजे. मोठ्या कंपन्या पार्ट फक्त आपल्या अधिकृत दुकानांना देतात, तुम्हाला थेट देत नाहीत, आणि अर्धा खोललेला रेग्युलेटर किटची वाट बघत डब्यात वर्षभर पडला की निम्मे पार्ट हरवतात. किट मिळतच नसेल तर सरळ एखाद्या शिकलेल्या टेक्निशियनकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

बॉडी व्हाइसमध्ये धरायची नाही, पितळ मऊ असतं, चेपतं. होज लागतात त्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये, हँडल घट्ट पिळून घ्यायचं आणि ते हँडल व्हाइसमध्ये धरायचं. पाइप पाना तर घरात असला तरी शेजाऱ्याकडे देऊन या. ओ-रिंग काढायला पितळेचं किंवा प्लास्टिकचं टोक वापरा, स्टीलचा टोकदार पोकर ज्या खोबणीत ओ-रिंग बसते तिथे एक ओरखडा काढतो आणि मग किती नव्या ओ-रिंगा घाला, ती जागा गळतच राहते.

आणि पिस्टनचं टोक. इथे वेळ घालवा. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग घ्या, एकाच बाजूने टॉर्च मारा आणि पिस्टन बोटात हळूहळू फिरवा. धार चांगली असेल तर केसासारखी बारीक अखंड रेष दिसते, कुठे टवका उडाला असेल तर फिरवता फिरवता त्या ठिकाणी एकदम एक ठिपका चमकून जातो. तो ठिपका दिसला की पिस्टन बदलायचा, घासून सरळ करायचा प्रयत्न करायचा नाही. आतून जोडताना हा पिस्टन हाय प्रेशरच्या छोट्या ओ-रिंगमधून जातो, आणि ती तीक्ष्ण धार ओ-रिंगला कापत जाऊ नये म्हणून टोकावर गोल टोपी बसवतात, तिला बुलेट म्हणतात. तीही किटबरोबर मागवा.

सगळं जोडून झालं की पुन्हा तेच आकडे घ्या. नवी सीट पहिल्या काही मिनिटांत थोडीशी दबते, काटा किंचित हलेल, तेवढं चालतं. आयपी जास्त-कमी वाटला तर स्प्रिंगखाली पातळ वॉशर घालून-काढून तो आणायचा. मग रात्रभर सिलिंडर जोडून ठेवून नको तिथून हवा जात नाही ना बघा, आधी स्विमिंग पूल, मग कमी खोलीत, तेही सोबत्याकडे भरवशाचा ऑक्टोपस, म्हणजे जादाची सेकंड स्टेज, असताना. तारकर्ली त्यानंतर. तिथे एमटीडीसीची डायव्हिंगची संस्थाच आहे, आणि अशा जुन्या गोष्टी बघून हरखणारी मंडळी तिथे भेटायला हरकत नाही.

109 बद्दल एकच गोष्ट, तिच्या बाजूला जो नॉब आहे तो ठेवून देताना पूर्ण सैल करून ठेवत जा. घट्ट ठेवला तर आतली रबरी सीट धारेवर सतत दाबली जाऊन तिला चर पडते आणि पुढच्या वेळी हिस्स्स चालू.

प्रश्न: माझा सेकंडहँड रेग्युलेटर सिलिंडर उघडल्यावर अगदी शांत असतो, पण बोटीवर पाचेक मिनिटं नुसता ठेवला की सेकंड स्टेजमधून हवा सुटायला लागते. एकदा श्वास घेतला की थांबते, परत थोड्या वेळाने सुरू. दुकानदाराने सेकंड स्टेजची सीट दोनदा बदलली, दोन्ही वेळा पैसे घेतले, फरक शून्य. — वास्कोहून

उत्तर: हे तर पाठ्यपुस्तकातलं लक्षण आहे. हवा सेकंड स्टेजमधून सुटते म्हणून सगळे सेकंड स्टेजलाच धोपटतात, पण चोर वरच्या मजल्यावर बसलाय. फर्स्ट स्टेजची सीट पूर्ण बंद होत नाहीये, त्यातून हवा झिरपते, मधल्या होजमध्ये दाब हळूहळू चढत जातो, चढत चढत सेकंड स्टेजच्या स्प्रिंगला भारी पडला की ती बिचारी जास्तीची हवा सोडून देते. तुम्ही श्वास घेतला की साठलेला दाब उतरतो म्हणून थांबते, मग परत चढतो. याला आयपी क्रीप म्हणतात. सेकंड स्टेज तिचं काम बरोबर करतेय हो, ती सेफ्टी व्हॉल्व्ह आहे हे वर सांगितलंच.

उलट सिलिंडर उघडल्या उघडल्या हवा सुटते आणि आयपी गेजचा काटा जागेवर स्थिर आहे, असं असेल तर मग दोष खरंच सेकंड स्टेजचा, सीट, धार किंवा हवा सोडणाऱ्या आतल्या लिव्हरचं सेटिंग. म्हणजे बघा, दोन मिनिटांच्या निदानात जे दिसलं असतं त्यासाठी तुम्ही दोन सीटचे पैसे भरले, गेज लावून बघितलंच नाही कोणी. आता दुकानात जाल तेव्हा तुमच्यासमोर आयपी गेज लावायला सांगा, आणि ते टाळाटाळ करायला लागले तर दुसरं दुकान बघा.

एक वेगळी गोष्टही तपासा, फर्स्ट स्टेज पाण्याच्या बादलीत धरून बॉडीच्या भोकांतून बुडबुडे येतात का. तिथून येत असतील तर ती सीट नाही, पिस्टनवरची एखादी ओ-रिंग गेलीय. ते दुखणं वेगळं, औषध वेगळं, आणि स्वस्तही.

प्रश्न: सर, मी मालवणला गाइड आहे. आमच्याकडचे दोन जुने रेग्युलेटर हवा मस्त देतात पण तोंडात पाणी येतं. गिऱ्हाईक घाबरतं. सीझन संपला की हेच दुरुस्त करायचं ठरवलंय, कुठून सुरुवात करू?

उत्तर: एक्झॉस्ट व्हॉल्व्हपासून. तो जो पातळ मशरूमसारखा रबरी पडदा असतो, त्याच्या कडेखाली वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत येतं, आणि तुमच्याकडच्या पाण्यात वाळू आणि गाळ दोन्ही भरपूर. कडा हलक्या हाताने उचलून गोड्या पाण्याने धुवा, पडद्याला सुरकुती पडली असेल किंवा कड वर वळली असेल तर बदलून टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

तो चांगला असेल तर माउथपीस. झिप टाय बांधतात तिथे, टायच्या बरोबर खाली रबर चिरलेलं असतं आणि टाय काढल्याशिवाय ते दिसत नाही. गिऱ्हाईकं दाताने चावून चावून माउथपीसची वाट लावतात, ते वेगळं. मग पुढचा मोठा डायफ्रॅम, म्हणजे पर्ज बटणामागचा रबरी पडदा, काढून उजेडाकडे धरा, टाचणीएवढं भोकसुद्धा पुरतं.

हे सगळं झाल्यावर टेस्ट सोपी आहे, हत्यार लागत नाही. फर्स्ट स्टेजला टोपी लावा, सिलिंडर न जोडता सेकंड स्टेजमधून हवा ओढा. ओढलीच जाता कामा नये, ओठ आत खेचले गेले पाहिजेत. जरा जरी हवा आली तर कुठूनतरी गळतंय. ही टेस्ट रोज सकाळी बोटीवर चढायच्या आधी प्रत्येक रेग्युलेटरवर करायची सवय लावली ना, तर तुमचे अर्धे घाबरलेले गिऱ्हाईक वाचतील.

पावसाळ्यात बंद असतं तेव्हा रेग्युलेटर ओलेच डब्यात घालू नका, बुरशी येते. सावलीत टांगून वाळवा, होज घट्ट गुंडाळू नका. आणि धुताना टोपी लावलेली असली तरी सिलिंडर न जोडता पर्ज बटण दाबायचं नाही, नाहीतर धुण्याचं पाणी सरळ होजमधून फर्स्ट स्टेजमध्ये जातं आणि मग ठाण्याच्या वाचकांना सांगितलं ते सगळं तुम्हालाही करावं लागेल.

प्रश्न: जुन्या पितळी फर्स्ट स्टेजला हिरवा थर होता म्हणून रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवली. सकाळी हिरवं गेलं पण काही ठिकाणी पितळ गुलाबीसर झालंय आणि क्रोमचे पापुद्रे निघतायत. आई म्हणते चिंच-मीठ लावलं असतं तर बरं झालं असतं. — पुण्याहून

उत्तर: आईंना नमस्कार सांगा, देवाच्या भांड्यांसाठी त्यांचंच बरोबर आहे, पण इथे मीठ नको, मिठानेच तर हा सगळा घोळ झालाय, आणि घासायची कुठलीही पावडर नको, तिचे कण खोबणीत बसतात.

व्हिनेगर चुकीचं नव्हतं, रात्रभर चुकलं. अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, दहा-पंधरा मिनिटं, मधेच काढून बघायचं, मऊ ब्रशने घासायचं, लागलं तर परत थोडा वेळ, मग भरपूर साध्या पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, लगेच वाळवायचं. गुलाबी दिसतंय म्हणजे पितळेतलं जस्त निघून गेलं आणि मागे तांबं उरलं, ती जागा आता भुसभुशीत झाली असू शकते. नुसता बाहेरून पुसट रंग असेल तर ठीक, पण आटे, खोबणी किंवा धारेच्या जागी गुलाबी दिसत असेल तर ही बॉडी परत 200 बारला लावायची नाही. क्रोम आतल्या बाजूला सुटत असेल तरी तेच, तो पापुद्रा उडून सीटवर जाऊन बसतो. शेल्फवर ठेवा, छान दिसेल.

सराफाकडे किंवा चष्म्याच्या दुकानात अल्ट्रासॉनिकची छोटी मशीन असते ती ओळखीवर मिळाली तर सोन्याहून पिवळं, कोपऱ्यातलं मीठ ब्रशला निघत नाही ते तिच्यात निघतं. फक्त त्यात ओ-रिंग, सीट, डायफ्रॅम घालायचे नाहीत, नुसता धातू.

प्रश्न: ओ-रिंग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारातून आणल्या तर चालतील का? आणि ग्रीस म्हणून व्हॅसलीन? — डोंबिवली

उत्तर: ओ-रिंग चालतील, पण माप आणि कडकपणा दोन्ही सांगून घ्या, नुसतं “एवढी द्या” म्हणून जुनी रिंग दाखवू नका कारण जुनी चपटी होऊन तिचं माप बदललेलं असतं. लो प्रेशरच्या साध्या पोर्टला 011 नंबरची, हाय प्रेशर पोर्टला 012, योकवाल्या (फर्स्ट स्टेज वरून शिकंज्याने आवळतात त्या) सिलिंडर व्हॉल्व्हच्या तोंडाला 014, ही नेहमी लागणारी. साधारण ठिकाणी 70 कडकपणाचं नायट्राइल रबर चालतं, हाय प्रेशरच्या काही जागी 90 लागतं, ते त्या मॉडेलच्या पार्टच्या यादीत दिलेलं असतं. सीट मात्र बाजारातून लेथवर करून घेऊ नका, कोणीतरी करून देईल म्हणेल, देईलही, नको.

व्हॅसलीन अजिबात नाही, खोबरेल नाही, गाडीचं ग्रीसही नाही. पेट्रोलियममुळे काही प्रकारचं रबर फुगतं हे एक, आणि जास्त दाबाच्या ऑक्सिजनपाशी तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतो हे दुसरं आणि जास्त महत्त्वाचं. साध्या हवेसाठी डायव्हिंगचं सिलिकॉन ग्रीस चालतं, अगदी पुसट, ओ-रिंग चमकली की पुरे. पण सिलिकॉनच्याच बनलेल्या डायफ्रॅम किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सिलिकॉन ग्रीस लावू नका, ते फुगतात. 40 टक्क्यांवर ऑक्सिजनचं मिश्रण वापरणार असाल तर सगळं ऑक्सिजन-क्लीन, म्हणजे तेलाचा अंशही न ठेवता साफ, करून ख्रिस्टोल्यूबसारखं खास ग्रीस लागतं, आणि ते काम घरच्या ओट्यावर करू नका.

प्रश्न: आमच्या सोसायटीतला गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा म्हणतो, रेग्युलेटर तो रेग्युलेटर, मी करून देतो. हसू नका, खरंच विचारतोय. — कोल्हापूर

उत्तर: हसत नाही, कारण तो माणूस इतिहासाच्या फार जवळ गेलाय. 1943 मध्ये फ्रान्समध्ये समुद्रसंशोधक जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पहिला ॲक्वा-लंग, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र, केला, तेव्हा गान्यां एअर लिक्विड कंपनीत इंजिनिअर होता आणि युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गाड्या गॅसवर चालवायला त्याने एक डिमांड व्हॉल्व्ह बनवला होता, त्यातूनच पाण्याखालचा रेग्युलेटर निघाला.

पण शेगडीचा रेग्युलेटर बाहेर साधारण 30 मिलिबार सोडतो आणि तिथेच ठाम राहतो, किचन काही दहा मीटर खाली जात नाही. आपल्याला दर 10 मीटरला एक बार याप्रमाणे दाब वाढवत न्यावा लागतो, 30 मीटरवर आजूबाजूला 4 बार असतात म्हणजे प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा चौपट हवा लागते. त्याला चहा पाजा, रेग्युलेटर देऊ नका.

प्रश्न: घरी सेकंड स्टेज किती हलकी उघडते ते कसं मोजायचं? यंत्र महाग आहे.

उत्तर: बादली. सिलिंडर जोडून चालू करा, सेकंड स्टेज माउथपीस वर आणि पर्ज बटण खाली अशी धरून हळूहळू पाण्यात उतरवा. ज्या क्षणी हिस्स आवाज येईल तिथे थांबा, डायफ्रॅमच्या वर पाणी किती आलंय ते पट्टीने बघा. अडीच-तीन सेंटिमीटरला उघडत असेल तर झकास, पाच-सहाला उघडत असेल तर ओढायला जड. दोनच्याही आत आणायचा हट्ट करू नका, मग पोहताना प्रवाहात तोंड वळवलं तरी स्वतःहून हवा सोडत बसते. लिव्हर डायफ्रॅमला जेमतेम टेकला पाहिजे, खुळखुळायला नको आणि दाबलेलाही नको, आणि हे सगळं सेटिंग आयपी बरोबर असल्याशिवाय करू नका, नाहीतर दोन्हीकडून गोंधळ.

प्रश्न: न्यू जर्सीला गॅरेज सेलमध्ये दोन होजवाला यूएस डायव्हर्स कंपनीचा रॉयल ॲक्वा-मास्टर रेग्युलेटर अगदी मातीमोल भावात मिळाला. डोक्याच्या मागे बसतो तो जुना प्रकार. नीट करून गोव्याला ग्रांदे बेटावर वापरता येईल?

उत्तर: नशीब काढलंत! रॉयल ॲक्वा-मास्टर साठच्या दशकातला, आत बॅलन्स्ड डायफ्रॅम आहे, म्हणजे आतली यंत्रणा समुद्राच्या पाण्यापासून बऱ्यापैकी वेगळी असते, त्यामुळे या जातीचे जुने नग आतून अनेकदा चांगले निघतात. त्यांचे नवे पार्ट आणि सिलिकॉनचे होज आता अमेरिकेतले हौशी लोक बनवून विकतात, तुम्ही तिथेच आहात तर तिथूनच करून घ्या.

जुने रबराचे कोरुगेटेड होज वाकवून बघा, घड्यांच्या आत बारीक तडे दिसतील, ते टाकाच. रेग्युलेटरच्या गोल डब्याच्या आत डकबिल म्हणतात ती चोचीसारखी एक्झॉस्टची रबरी नळी असते, ती चिकटलेली असते बहुतेक वेळा.

पाण्यात तो वेगळाच वागतो हे आधी शिकून घ्या. रेग्युलेटर पाठीवर, तोंड त्याच्यापेक्षा वर असलं की हवा सोडतो, खाली असलं की ओढायला जड. उताणं होऊन वर बघितलंत की मोठ्याने सुटतो. यात गंमत आहे, बुडबुडे डोक्याच्या मागे जातात त्यामुळे फोटो काढणाऱ्यांना तो आवडायचा. पण बहुतेक जुन्या दोन-होजवाल्यांना बीसीचा इन्फ्लेटर आणि ऑक्टोपस लावायला जागाच नाही, त्या काळी या गोष्टी वापरत नव्हते, आणि आज त्याशिवाय बोटीवर कोणी तुम्हाला घेणार नाही, घेऊही नये. त्यासाठी जोड मिळतात किंवा वेगळा छोटा सिलिंडर न्यावा लागतो. ग्रांदेला पाणी अनेकदा गढूळ असतं, दिसत नाही अशा ठिकाणी नव्या सवयीचा रेग्युलेटर पहिल्यांदा घालू नका, तिकडेच एखाद्या तळ्यात हात बसवून या.

प्रश्न: रेग्युलेटरबरोबर जुना अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडरही मिळाला, वर एक लिव्हरवाला व्हॉल्व्ह आहे. तोही घरीच साफ करू का? — नागपूर

उत्तर: नाही. रेग्युलेटरबद्दल मी बराच ढिला आहे, सिलिंडरबद्दल नाही. 1988 च्या आधीचे काही अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर 6351 नावाच्या मिश्रधातूचे आहेत, त्यांच्या मानेला कायम दाबाखाली राहून तडे जाण्याचा धोका असतो आणि त्यातले काही भरताना फुटलेले आहेत. खांद्यावर ठोकलेले आकडे-अक्षरं आणि तारीख वाचून बघा. हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि आतली तपासणी मान्यताप्राप्त ठिकाणीच करा, आपल्याकडे हे सगळं गॅस सिलिंडर नियम, 2016 खाली येतं आणि ते बघणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेचं, मुख्यालय तुमच्याच नागपुरात आहे, तेव्हा तुम्हाला तर चौकशी करायला रिक्षाच पुरे.

तो लिव्हरवाला म्हणजे जे-व्हॉल्व्ह, प्रेशर गेज नसायचे तेव्हाची सोय. साधारण 20 बार उरले की आतली स्प्रिंग हवा अडवायची, श्वास जड झाला की डायव्हर मागे हात घालून दांडी ओढायचा आणि राखीव हवेवर वर यायचा. दांडी आधीच कुठे अडकून खाली ओढली गेली असेल तर राखीव काहीच उरायचं नाही, आणि ते कळायचं तेव्हा उशीर झालेला असायचा. वापरायचा असेल तर दांडी खालीच ठेवून, गेज लावून, साध्या व्हॉल्व्हसारखा वापरा.